विहिरीपासून पिंपापर्यंत : मुंबई व उपनगरांतील हिवताप-प्रतिबंध आणि लोकव्यवहार (एक ऐतिहासिक अभ्यास)

प्रस्तावना

हिवतापाचा इतिहास बहुधा वैज्ञानिक शोधांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना डासाच्या शरीरात हिवतापाच्या परजीवीची अवस्था आढळली आणि या रोगाचे गूढ उकलले, येथून हे कथन सुरू होते. पुढे कोयनेल, डीडीटी, क्लोरोक्विन अशी साधनांची परंपरा येते आणि या साधनांना जेथे यश आले नाही तेथे ‘लोकांचे अज्ञान’ हे कारण पुढे केले जाते. प्रशासकीय अहवालांत, वृत्तपत्रांत आणि काही वेळा सामाजिक शास्त्रांच्या लेखनातही हे कारण इतक्या सहजतेने येते की त्याची ऐतिहासिक तपासणी करण्याची गरजच कोणाला भासत नाही.

मुंबई शहर व त्याची उपनगरे या संदर्भात ही तपासणी करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. शहरात विहिरी बंद करण्यावरून १९११ नंतर निर्माण झालेला वाद आणि अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांत आज पाणीसाठ्यावरून पालिका व रहिवासी यांच्यात होणारा संघर्ष यांची तुलना येथे केली आहे. या तुलनेतून असे दिसते की, मुंबईत हिवताप-प्रतिबंधाच्या आड आलेला मुख्य अडथळा अज्ञानाचा नसून पाण्याचा होता. ज्या पाण्यावर कुटुंबाचा धर्म, मालकी किंवा दैनंदिन गरज अवलंबून होती ते पाणी नष्ट करण्याची मागणी जेव्हा जेव्हा झाली, तेव्हा तेव्हा तिला विरोध झाला. ते पाणी राखून डासाला अटकाव करणारा मार्ग जेथे सुचविला गेला, तेथे सहकार्याची वाट मोकळी झाली.

मुंबईच्या हिवतापाचे वेगळेपण

हिवताप हा मराठी मुलखाला नवा नव्हता. थंडीताप, पाळीचा ताप, एकांतरा ताप, चौथरा ताप अशी लोकभाषेतील नावेच सांगतात की, ताप किती दिवसांच्या अंतराने उलटतो याचे निरीक्षण लोकांनी वैद्यकाच्या आधीच केले होते. दलदल, कुजका पाला व दूषित हवा यांच्याशी या तापाचा संबंध जोडण्याची समजूत मात्र युरोपात व भारतात दोन्हीकडे होती. ‘मलेरिया’ या शब्दाचा मूळ अर्थच ‘वाईट हवा’ असा आहे.

डासांचा सिद्धांत मान्य झाल्यावरही जंगल, दलदल व भातशेती हीच हिवतापाची ठिकाणे होत, असा समज कायम राहिला. मुंबईने या समजाला छेद दिला. या शहरातील हिवतापाचा मुख्य वाहक ॲनोफिलीस स्टीफेन्सी हा डास आहे. १९०१ साली त्याचे शास्त्रीय वर्णन ग्लेन लिस्टन यांनी वऱ्हाडातील एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, येथील निरीक्षणांच्या आधारे केले. हेच लिस्टन पुढे मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत काम करू लागले. मुंबई बंदरात नव्या गोदीचे बांधकाम चालू असताना हिवतापाची साथ उद्भवली, तेव्हा १९०८ च्या सुमारास त्यांनी या डासाकडे व शहरातील विहिरींकडे बोट दाखविले.

या डासाच्या सवयी लक्षात घेतल्याशिवाय पुढील इतिहास समजणार नाही. गटाराच्या घाण पाण्यात वाढणारा क्यूलेक्स डास वेगळा. स्टीफेन्सी हा तुलनेने स्वच्छ, स्थिर, माणसाने साठविलेल्या पाण्यात अंडी घालतो. विहीर, हौद, टाकी, कारंजे, पिंप ही त्याची आवडती स्थाने. मुंबईच्या उष्ण हवामानात अंड्यापासून पूर्ण डास होण्यास साधारण आठ ते दहा दिवस पुरतात. म्हणजे पाणी जेवढे जपून व निर्मळ ठेवले जाते तेवढे ते या डासाला सोयीचे ठरते. ‘स्वच्छता राखा, रोग टाळा’ हा सर्वपरिचित उपदेश येथे अपुरा पडतो. घर व अंगण स्वच्छ असलेल्या कुटुंबाच्या झाकण नसलेल्या टाकीतही हिवतापाचे मूळ असू शकते, ही गोष्ट गृहस्थाला पटणे तेव्हाही कठीण होते आणि आजही कठीण आहे.

बेंटले यांचा अहवाल व विहिरींचा प्रश्न

मुंबईतील हिवतापाची सविस्तर पाहणी डॉ. चार्ल्स बेंटले यांनी केली आणि त्यांचा अहवाल १९११ मध्ये प्रसिद्ध झाला. विहिरी व साठवणीच्या टाक्या या डासांच्या पैदाशीचे मुख्य स्थान असून त्या बुजविल्याशिवाय किंवा डासांना आत शिरता येणार नाही अशा रीतीने बंद केल्याशिवाय शहरातील हिवताप आटोक्यात येणार नाही, असा या अहवालाचा आशय होता. १९११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या ९,७९,४४५ होती. १८६० मध्ये विहार, १८७९ मध्ये तुळशी व १८९२ मध्ये तानसा येथून नळाचे पाणी शहरात आले होते. नळ आल्यावर विहिरींची गरज उरली नाही, असे प्रशासनाचे साधे गणित होते.

नागरिकांचे गणित निराळे होते. विहीर ही त्यांच्या लेखी केवळ पाणीपुरवठ्याचे साधन नव्हती. पारशी धर्मविधींना नैसर्गिक स्रोतातून काढलेले, सूर्यप्रकाश पडणारे पाणी लागते आणि म्हणून अग्यारीच्या आवारात विहीर असते. चर्चगेटजवळची १७२५ मधील भिखा बेहराम विहीर आजही या समाजाचे श्रद्धास्थान आहे. हिंदू घरांत पूजेसाठी व सोवळ्यासाठी नळाचे पाणी चालत नसे. नळाचे पाणी कोणकोणत्या हातांतून व चामड्याच्या वायसरांतून येते, याबद्दल शंका असे. आड-विहिरीवर हळदकुंकू वाहण्याची, पाण्यात साती आसरांचा वास मानण्याची प्रथा महाराष्ट्रभर होती. साष्टीतील ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजात लग्नाच्या आधी वाजतगाजत विहिरीवरून ‘उंबराचे पाणी’ आणण्याचा विधी आजही केला जातो. धर्म वेगवेगळे असले तरी विहिरीविषयीची भावना अशी सामाईक होती.

या भावनेचे महत्त्वाचे साक्षीदार म्हणजे रुस्तम पेस्तनजी मसानी. मुंबई महानगरपालिकेचे चिटणीस व पुढे आयुक्त झालेल्या मसानींनी १९१८ मध्ये विहिरींच्या लोकसाहित्यावर इंग्रजीत एक ग्रंथ प्रसिद्ध केला. विहिरी बंद करण्याच्या मोहिमेत पालिकेकडे आलेल्या हरकती ही या अभ्यासामागची प्रेरणा होती. विहिरीतील देवता वा पीर कोपेल, घरावर अरिष्ट येईल, ही भीती अर्जदारांनी गंभीरपणे मांडली होती. पालिकेच्या सेवेतील अधिकारी अशा अर्जांना केराची टोपली न दाखविता त्यांतून जलपूजेचा पूर्व-पश्चिमेतील इतिहास उभा करतो, ही घटना मुंबईच्या नागरी प्रशासनाच्या इतिहासात लक्षणीय मानावी लागेल.

येथे एक गोष्ट आवर्जून नोंदविली पाहिजे. विरोध करणारे हे गरीब व निरक्षर वर्गातील नव्हते. शहरात स्वतःची विहीर असणे हेच मालमत्तेचे लक्षण होते. घरमालक, व्यापारी, देवस्थानांचे विश्वस्त यांच्या विहिरी होत्या. गिरण्यांचे हौद व टाक्या होत्या. चाळीतील एका खोलीत राहणाऱ्या गिरणी कामगाराकडे बुजविण्यासारखी विहीरच नव्हती. डास मात्र त्यालाही चावत होता. धोका एकाच्या आवारात निर्माण होत असे आणि त्याची किंमत दुसऱ्याला द्यावी लागत असे. हिवताप-प्रतिबंधातील ही विषमता अज्ञानाच्या कल्पनेने झाकली जाते.

सक्तीचा अनुभव आणि तडजोडीचे झाकण

विहिरींच्या वादाला प्लेगच्या साथीची पार्श्वभूमी होती. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. घरांची झडती, रुग्णांना सक्तीने हलविणे, सामान जाळणे या उपायांनी लोक भयभीत व संतप्त झाले. पुण्यात २२ जून १८९७ रोजी रँडवर हल्ला झाला आणि मार्च १८९८ मध्ये मुंबईत दंगल उसळली. आरोग्याच्या नावाने घरात शिरणाऱ्या सरकारी माणसाविषयीचा अविश्वास त्या पिढीच्या मनात घर करून राहिला. प्रशासनानेही या अनुभवातून धडा घेतला. मुंबईतील आरोग्यव्यवस्थेच्या इतिहासकार मृदुला रामण्णा यांच्या संशोधनातून हे दिसते की, पाश्चात्त्य वैद्यकाविषयी भारतीयांचा प्रतिसाद केवळ नकाराचा नव्हता. त्यात निवड होती, वाटाघाट होती आणि प्रसंगी पुढाकारही होता.

विहिरींच्या प्रश्नावर अखेरीस असाच मार्ग निघाला. धार्मिक कारणासाठी पाणी आवश्यक असेल तेथे विहीर पूर्ण बुजविण्याऐवजी तिच्यावर पक्के आच्छादन घालावे आणि पाणी काढण्यासाठी बारीक तारेच्या जाळीचे, उघडझाप करता येणारे दार ठेवावे, अशी मुभा देण्यात आली. जाळीतून सूर्यप्रकाश आत जाई, पोहरा सोडता येई आणि डासाला मज्जाव होई. ही योजना तांत्रिकदृष्ट्या साधी होती. परंतु या योजनेने विहिरीच्या मालकाला धर्म आणि आरोग्य यांपैकी एकाची निवड करण्यास भाग पाडले नाही, हे तिचे ऐतिहासिक महत्त्व होय.

तडजोडीला कायद्याचे पाठबळ होते, हेही विसरता येणार नाही. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ मधील कलम ३८१ अन्वये डासांची पैदास होईल अशा पाण्याबाबत मालकाला नोटीस देता येते आणि कलम ३८१-अ अन्वये नवी विहीर, टाकी, हौद वा कारंजे बांधण्यास आयुक्तांची परवानगी लागते. शिक्षणाचीही जोड होती. डॉ. जे. ए. टर्नर हे पालिकेचे आरोग्य अधिकारी असताना आरोग्यविषयक व्याख्यानांना चालना मिळाली. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने कामगारवस्त्यांत दीपचित्रांच्या साहाय्याने स्वच्छतेची माहिती पोहोचविली. कायदा, शिक्षण व तडजोड ही तीन साधने एकत्र आल्यामुळे शहरातील अनेक विहिरी बंद वा आच्छादित झाल्या. धोबी तलाव, गवालिया टँक अशी नावे राहिली आणि तेथील तलाव मात्र नागरी विस्तारात लुप्त झाले.

निर्मूलनाचा आशावाद आणि उपनगरांचा प्रवेश

विहिरींचा हा वाद मुख्यतः माहीमच्या अलीकडील शहरात घडला. त्या वेळी साष्टी बेटावरील अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही गावे पालिकेच्या हद्दीबाहेर होती. वाड्या, मिठागरे, भातखाचरे व डोंगरउतार असे त्यांचे स्वरूप होते आणि घरोघरी वा वाडीवाडीत विहीर व रहाट होता. १९२० मध्ये मुंबई उपनगर जिल्हा स्थापन झाला. १९५० मध्ये अंधेरी व घाटकोपरसह जवळची उपनगरे आणि १९५७ मध्ये बोरिवली व मुलुंडसह विस्तारित उपनगरे बृहन्मुंबईत समाविष्ट झाली.

हा समावेश झाला तो काळ हिवताप-निर्मूलनाविषयीच्या विलक्षण आशावादाचा होता. मुंबई राज्यात डॉ. डी. के. विश्वनाथन यांच्या नेतृत्वाखाली डीडीटी फवारणीचे मोठे प्रयोग यशस्वी झाले होते. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम व १९५८ मध्ये राष्ट्रीय हिवताप निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात दरवर्षी साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे, असा अंदाज होता. १९६५ पर्यंत नोंदलेली रुग्णसंख्या सुमारे एक लाखावर आली. परंतु १९७६ मध्ये ती पुन्हा ६४ लाखांवर गेली. डासांची कीटकनाशक-प्रतिकारशक्ती, निधी व यंत्रणा यांतील ढिलाई ही कारणे सर्वश्रुत आहेत. लोकव्यवहाराचाही त्यात भाग होता. फवारणीचे डाग व वास नकोसा वाटून घरे कुलूपबंद ठेवली जात. सणासुदीला भिंती लिंपल्या-सारवल्या जात आणि औषधाचा थर त्याखाली झाकला जाई. ज्या गृहिणीने घर सणासाठी सजविले तिला आपण राष्ट्रीय कार्यक्रमात अडथळा आणत आहोत, याची कल्पना कोणी दिली नव्हती.

आणखी एक उणीव धोरणातच होती. निर्मूलन कार्यक्रमाचा सारा भर ग्रामीण घरांतील फवारणीवर होता. शहरांत स्टीफेन्सीचा बंदोबस्त पाणीसाठ्यांच्या नियंत्रणाने करावा लागतो आणि ते काम स्थानिक संस्थांवर सोपविलेले होते. नागरी हिवताप योजना आली ती १९७१ मध्ये. तोपर्यंत मुंबईची उपनगरे गावे राहिली नव्हती आणि पुरती शहरेही झाली नव्हती. जुन्या विहिरी तशाच होत्या. त्यांत कारखान्यांच्या टाक्या, नव्या इमारतींचे हौद व झोपडपट्ट्यांतील पिंपे यांची भर पडली होती.

उपनगरांतील पाणीसाठा : वर्तनामागील तर्क

२०११ च्या जनगणनेनुसार मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या ९३,५६,९६२ होती, तर शहर जिल्ह्याची ३०,८५,४११. बृहन्मुंबईतील सुमारे ४१ टक्के लोक झोपडपट्ट्यांत राहत होते. हिवतापाच्या प्रश्नाचे केंद्र उपनगरांकडे का सरकले, हे या आकड्यांवरून लक्षात येते.

घाटकोपर व मुलुंडच्या डोंगरउतारांवरील वस्त्यांत पाणी ठराविक वेळेला, कमी दाबाने व काही तासांपुरते येते. अशा ठिकाणी पिंप भरून ठेवणे हा निष्काळजीपणा नव्हे. ती घर चालविण्याची अट आहे. आठवड्यातून एक दिवस सर्व भांडी रिकामी करून कोरडी करावीत, असे आरोग्य विभाग सांगतो. डासाच्या आठ-दहा दिवसांच्या जीवनचक्राचा विचार करता हा ‘कोरडा दिवस’ शास्त्रीयदृष्ट्या योग्यच आहे. परंतु उद्या पाणी येईलच याची खात्री नसलेल्या गृहिणीला भरलेले पिंप ओतून देण्यास सांगणे म्हणजे तिच्या सकाळच्या श्रमावर पाणी सोडण्यास सांगणे होय. पाणी भरणे व साठविणे ही कामे बहुतांशी स्त्रियांकडे असतात. म्हणून हिवताप-प्रतिबंधाचा बोजाही न बोलता त्यांच्याच डोक्यावर येतो.

येथे पाण्याचा कायदेशीर हक्क हा आरोग्याचा प्रश्न बनतो. ठराविक तारखेनंतर वसलेल्या झोपड्यांना अधिकृत नळजोडणी नाकारण्याचे धोरण दीर्घकाळ होते. अशी कुटुंबे शेजारच्या वस्तीतून, टँकरवाल्याकडून वा अनधिकृत जोडणीतून पाणी घेत आणि ते अधिक दिवस साठवीत. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा वस्त्यांनाही पाणी देण्याची व्यवस्था करण्याचा आदेश पालिकेला दिला. पाणीपुरवठा विभाग ज्याला पाणी नाकारतो त्यालाच कीटकनाशक विभाग पाणी साठविल्याबद्दल नोटीस देतो, ही विसंगती हिवतापाच्या इतिहासात एक ‘अडथळा’ म्हणून नोंदविली गेली पाहिजे. आणि हा अडथळा समाजाचा नाही, व्यवस्थेचा आहे.

दुसऱ्या टोकाला इमारतींतील मध्यमवर्गीय व उच्चवर्गीय समाज आहे. अंधेरी व बोरिवलीच्या गृहनिर्माण संस्थांत गच्चीवरील टाकीला घट्ट झाकण व तपासणीसाठी शिडी असावी, असा पालिकेचा आग्रह असतो. परंतु गच्चीला कुलूप असते, किल्ली चिटणीसाकडे असते आणि चिटणीस कामावर गेलेले असतात. कुंड्यांखालच्या ताटल्या, शोभेची कारंजी, बंद पडलेले पोहण्याचे तलाव ही पैदाशीची स्थाने सुशिक्षितांच्या घरची आहेत. १९११ मधील विहिरीचा मालक व आजचा संस्थेचा पदाधिकारी यांच्या स्थितीत येथे साम्य आढळते. ज्ञानाची उणीव दोघांच्याही बाबतीत निर्णायक नव्हती. आपल्या आवारात बाहेरच्याने शिरू नये, ही मालकीची भावना निर्णायक होती.

तिसरा घटक बांधकामांचा. ताज्या स्लॅबवर पाणी तुंबवून ठेवणे, लिफ्टचे खड्डे, तळघरातील पाणी यांमुळे प्रत्येक बांधकाम काही महिने डासांचे पैदासस्थान होऊ शकते. त्याच जागी पत्र्याच्या निवाऱ्यांत मजूर राहतात. हिवताप असलेल्या प्रदेशातून आलेला मजूर आपल्या रक्तातून परजीवी आणतो, हे खरे. परंतु त्याचा प्रसार व्हावा असे पाणी त्याने साठविलेले नसते. तरीही साथीच्या काळात बोट त्याच्याकडेच दाखविले जाते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी गोदीच्या बांधकामाच्या वेळी जी परिस्थिती होती तीच शंभर वर्षांनंतर उपनगरांतील गगनचुंबी इमारतींच्या पायथ्याशी दिसते.

२००९ मध्ये पाऊस अपुरा झाल्याने मुंबईत पाणीकपात करावी लागली. २०१० मध्ये शहर-उपनगरांत हिवतापाची मोठी साथ आली. पालिकेच्या नोंदीनुसार सुमारे ७६ हजार रुग्ण व १४५ मृत्यू झाले. पाणीकपात हेच साथीचे कारण असे म्हणता येणार नाही. बांधकामे, पाऊसमान, यंत्रणेची तयारी असे अनेक घटक एकत्र आले होते. परंतु टंचाईत साठवण वाढते व साठवणीबरोबर या डासाची संधी वाढते, हे जुने सूत्र येथेही विसरता येत नाही. साथीनंतर बांधकामांवरील तपासणी, टाक्यांची झाकणे, मजुरांची रक्ततपासणी यांवर भर देण्यात आला आणि पुढील दशकात वार्षिक रुग्णसंख्या काही हजारांपर्यंत उतरली. २०२३ मध्ये मात्र ती आदल्या वर्षापेक्षा वाढलेली दिसली.

औषधोपचारातील खंड

प्रतिबंधाचा दुसरा भाग म्हणजे रुग्णाच्या शरीरातील परजीवी नष्ट करणे. मुंबईत मोठ्या प्रमाणावर आढळणारा व्हायवॅक्स हिवताप यकृतात सुप्त राहतो व काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी उलटतो. म्हणून प्रायमाक्विनचा चौदा दिवसांचा पूर्ण उपचार आवश्यक असतो. ताप मात्र दोन-तीन दिवसांतच उतरतो. रोजंदारीवर जाणारा मनुष्य ताप उतरताच कामावर जातो आणि उरलेल्या गोळ्या फडताळात राहतात. कोयनेलच्या काळी कडू चव व कानांत घुमणारा आवाज यांमुळे औषध अर्धवट सुटत असे. आज रोजगार बुडण्याच्या भीतीमुळे ते सुटते. त्यात पहिली धाव गल्लीतील खासगी डॉक्टरकडे असते आणि रक्ततपासणीचा खर्च व वेळ टाळला जातो. निदानच झाले नाही तर रुग्णाची नोंद होत नाही. ज्या घराची नोंद नाही त्या घराभोवती डासांचा शोधही घेतला जात नाही.

प्राणिजन्य हिवतापाच्या संदर्भात मुंबई

अलीकडे हिवतापाच्या चर्चेत प्राणिजन्य हिवतापाचा विषय महत्त्वाचा झाला आहे. प्लाझमोडियम नोलेसी हा माकडांतील परजीवी. माणसाला त्याची लागण होऊ शकते हे नोल्स व दासगुप्ता यांनी कोलकाता येथे १९३२ मध्येच प्रयोगाने दाखविले होते. परंतु २००४ मध्ये मलेशियातील सारावाक येथे बलबीर सिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या प्रमाणावरील मानवी लागण उघड केली, तेव्हा जगाचे लक्ष वेधले गेले. मलेशियात २०१८ पासून मानवी हिवतापाचा स्थानिक प्रसार थांबला, तरी नोलेसीचे रुग्ण दरवर्षी आढळतच राहिले. तेथे अडथळा आहे तो उपजीविकेचा. जंगलाच्या कडेला शेती व लाकूडतोड करणाऱ्याला मच्छरदाणीत बसून काम करता येत नाही आणि माकडांना गोळ्या देता येत नाहीत.

बोरिवली ते मुलुंड यांच्यामध्ये सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. त्यात माकडे आहेत, विहार व तुळशी हे तलाव आहेत आणि कडेने दाट वस्ती आहे. त्यामुळे वन्यजीव व मानवी वस्ती यांच्या सीमेवर आरोग्य यंत्रणेने दक्ष राहणे इष्टच आहे. तथापि मुंबईच्या हिवतापाचे स्वरूप सारावाकच्या उलट आहे. येथे व्हायवॅक्स व फाल्सिपेरम हे माणसांतील परजीवी मुख्य असून परजीवीचा साठा माणसात आणि डासाचा साठा माणसाच्या पाण्यात आहे. साखळीचे दोन्ही दुवे घरातच आहेत. त्यामुळे मुंबईत हा रोग आटोक्यात आणणे तत्त्वतः अधिक शक्य आहे आणि लोकव्यवहाराला येथे अधिक महत्त्व आहे.

मुंबईचा हा अनुभव आता जगाच्याही उपयोगाचा ठरू लागला आहे. २०१२ मध्ये ॲनोफिलीस स्टीफेन्सी आफ्रिकेत जिबूती येथे आढळला व त्यानंतर इथिओपियासह इतर देशांत पसरला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये त्याविरुद्ध विशेष उपक्रम जाहीर केला. ग्रामीण हिवतापाशी झुंजणाऱ्या आफ्रिकेतील शहरांपुढे आता पिंप, हौद व बांधकामाचे खड्डे हाच प्रश्न आहे. मुंबईला तो १९०८ पासून परिचित आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, मुंबईत हिवताप-प्रतिबंधाला झालेला विरोध प्रत्येक काळात विशिष्ट पाण्याच्या विशिष्ट मूल्याशी निगडित होता. विहिरीचे मूल्य धर्म व मालकीचे, झोपडीतील पिंपाचे जगण्याचे, स्लॅबवरील पाण्याचे बांधकामाच्या गतीचे. हे मूल्य ओळखल्याशिवाय दिलेला उपदेश व्यर्थ ठरतो. दुसरा, विरोध व दुर्लक्ष ही केवळ गरिबांची वैशिष्ट्ये नाहीत. विहिरीच्या मालकापासून गृहनिर्माण संस्थेपर्यंत सुस्थित वर्गानेही अडथळा निर्माण केला आहे आणि त्याची झळ दुर्बलांना अधिक बसली आहे. तिसरा, सक्तीचा कायदा आवश्यक असला तरी त्याला सुसह्य पर्यायाची जोड मिळाली तेव्हाच तो परिणामकारक ठरला.

केंद्र शासनाच्या २०१६ मधील राष्ट्रीय आराखड्याने २०३० पर्यंत हिवताप-निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवले आहे. उपनगरांत हे उद्दिष्ट गाठावयाचे तर पिंप ओतून देण्याच्या आदेशाऐवजी पिंपावर घट्ट बसणारे जाळीचे झाकण, वस्तीला नियमित पाणी, गच्चीच्या किल्लीची निश्चित जबाबदारी आणि मजुराला उपचाराच्या काळात मजुरीची हमी या गोष्टी प्रतिबंधाचा भाग मानाव्या लागतील. विहिरीवरील जाळीच्या दाराने शतकापूर्वी जे साधले ते पिंपाच्या झाकणानेही साधता येण्याजोगे आहे. मात्र त्यासाठी झाकण देणाऱ्या यंत्रणेने पाणी भरणाऱ्या घराची अडचण आधी समजून घेतली पाहिजे.